पिकअप आणि अ‍ॅव्हरेज

आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की बघायला येणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो. तरुण असेल तर "पिकअप कसा आहे?" आणि संसारी असेल तर "अ‍ॅव्हरेज किती देते?" बहुतेकांचं अर्धं आयुष्य पहिल्या प्रश्नात जातं आणि उरलेलं दुसऱ्यात. माझं मात्र उलटं झालं. १९८३ साली मिशिगनला आलो तेव्हापासून छत्तीस वर्षं मी अ‍ॅव्हरेजमध्ये काढली आणि साठी उलटल्यावर मला पिकअपची हौस आली.

२०१९ साली निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात दोन वर्षं वापरलेली, २०१७ च्या मॉडेलची एक निळी मस्टँग घरी आणली. सौ.नं दारातूनच विचारलं, "अहो, या वयात? आणि मागे बसायचं कुणी?" प्रश्न रास्त होता. मस्टँगची मागची सीट म्हणजे वाण्याकडच्या पिशव्या ठेवायची जागा. मंडळाच्या गणपतीला शाळेच्या पार्किंगमध्ये कॅमऱ्या आणि ओडिस्यांच्या रांगेत ती उभी केली, तेव्हा एका स्नेह्यानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, "मिडलाइफ क्रायसिस जरा उशिरानं आला वाटतं?" मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर या गाडीतही माझ्यातला अ‍ॅव्हरेजवाला जागा होताच. पाच लिटरची आठ सिलिंडरवाली घ्यायची छाती झाली नाही. घेतली ती २.३ लिटरची, चार सिलिंडरची, टर्बोवाली. तीही काही गरीब गाय नव्हे. कंपनीच्या कागदावर ३१० हॉर्सपॉवर आहेत. ज्यानं पहिली दहा वर्षं बजाज चेतकवर काढली त्याला हे घोडे ठेवायचे कुठे असा प्रश्न पडायला हवा होता. पण दोन वर्षांत सवय झाली आणि वाटायला लागलं, अजून थोडे असते तर?

इथं थोडं मागं जायला हवं. १९७० च्या दशकात पुण्यात आमच्या थोरल्या भावाची येझदी होती. तिचं दुखणं-खुपणं बघायला आम्ही नाना पेठेतल्या एका मिस्त्रीकडे जात असू. त्याचं दुकान म्हणजे एक लाकडी फळी, एक पेटी आणि एक पोरगा. मी सुट्टीत त्याच्याकडे जाऊन बसायचो. कार्बोरेटरचा जेट कोणता टाकायचा, एअर स्क्रू किती आटे सोडायचा, पॉइंटची फट किती ठेवायची, हे तो कानानं ठरवायचा. प्लग काढला की उन्हात धरून बघायचा. चिनीमाती बिस्किटासारखी तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त. पांढरी फटक असेल तर पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. "इंजिनाची जीभ आहे ही," तो म्हणायचा. पुढे इंजिनिअरिंगला थर्मोडायनॅमिक्स शिकलो, पण इंजिनशी ओळख झाली ती त्या फळीवर.

आता जेट नाही, पॉइंट नाही, एअर स्क्रू नाही. ते सगळं एका चपट्या डब्यात गेलं. त्या कॉम्प्युटरमध्ये कोष्टकं असतात, आपल्या पाढ्यांसारखी. आडवा इंजिनाचा वेग, उभा त्याच्यावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर टाकायची, पेट्रोल किती सोडायचं, टर्बोनं हवा किती दाबायची. हे आकडे बदलायचे म्हणजे ट्यून करायची. टर्बो गाडीत हे विशेष मानवतं, कारण हवेचा दाब थोडा वाढवला की ताकद लगेच वाढते. बाहेरच्या लोकांनी केलेल्या अशा ट्यून विकत मिळतात. हातात मावणारं एक यंत्र येतं, ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला हे सॉकेट असतं. गाडीतले मूळ आकडे ते यंत्र स्वतःकडे जपून ठेवतं आणि त्यांच्या जागी नवे भरतं.

असं एक यंत्र मी २०२१ च्या जूनमध्ये मागवलं. साडेपाचशे डॉलर. सौ.ला सांगितलं, "बॅटरी चार्जर आहे." रात्री साडेदहाला, घर झोपल्यावर, गॅरेजमध्ये दिवाळीचे लाडू चोरणाऱ्या मुलासारखा बसलो. किल्ली फिरवलेली पण इंजिन बंद, वायर जोडलेली आणि पडद्यावर हळूहळू सरकणारी पट्टी. मध्येच वायर निघाली किंवा बॅटरी उतरली तर गाडी जागेवर मुकी होऊ शकते, असं सूचनेत लिहिलेलं होतं. पंधरावीस मिनिटं मी श्वास रोखून होतो. पट्टी भरली, इंजिन सुरू केलं. आवाज तोच. पण दुसऱ्या दिवशी हायवेच्या रॅम्पवर पाय दाबला आणि पाठ सीटला अशी चिकटली की चष्मा सरकला. मंडळी, खोटं का बोला, मला नाना पेठ आठवली.

आता तुम्ही विचाराल, यात बिघडलं कुठे? सांगतो.

आमची धाकटी कन्या मेकॅनिकल इंजिनिअर आहे. इथल्याच एका मोटार कंपनीत नोकरी करते. मस्टँगवाल्यांच्या नव्हे, दुसऱ्या. त्यामुळे माझी गाडी तिच्या लेखी शत्रूच्या गोटातली. ती २००७ साली कॉलेजात गेली. २००९ च्या एप्रिलअखेर क्रायस्लरनं दिवाळं जाहीर केलं, १ जूनला जनरल मोटर्सनं. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या आमच्यासारख्यांचं काय झालं असेल ते डेट्रॉइटकरांना सांगायला नको. सव्वीस वर्षांच्या अनुभवानिशी मी घरी बसलो. चौदा महिने. त्या उन्हाळ्यात मी पोरीला समोर बसवून सांगितलं की हा धंदा संपला, मेकॅनिकल सोड, कॉम्प्युटर घे, नाहीतर फार्मसी घे. तिनं ऐकून घेतलं आणि मेकॅनिकलच पुरं केलं. २०११ मध्ये नोकरीला लागली, तीही मोटार कंपनीत. मी अभिनंदन केलं, पेढे वाटले. पण तिच्या कामाबद्दल पुढे कधी काही विचारलं नाही. दर रविवारी फोन यायचा. जेवलीस का, थंडी किती, टॅक्स भरलास का. संपलं.

तिच्या कामाला 'कॅलिब्रेशन' म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे नक्की काय, ते ठाऊक करून घेतलं नव्हतं. २०१६ च्या जुलैत माझी साठी झाली, शांत केली, शिकागोहून, टोरांटोहून माणसं आली. ही आली नाही. "कंपनीच्या कामानं कॅलिफोर्नियात आहे," एवढंच तिनं सांगितलं. मी मनात धरून ठेवलं. बापाच्या साठीपेक्षा कॅलिफोर्निया मोठं झालं, असं सौ.ला दहादा ऐकवलं.

जुलै २०२१ मध्ये सौ.नंच बेत काढला. "कोविडमध्ये दीड वर्ष कुणी कुणाला धड भेटलं नाही. तुम्ही दोघं ट्रॅव्हर्स सिटीला जाऊन या. चेरी घेऊन या. गाडीत तिसऱ्याला जागा नाहीच आहे." तिचा हेतू मला कळत होता आणि पोरीलाही कळत असावा.

लेक मिशिगनच्या काठानं जाणारा एम-२२ नावाचा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. एकीकडे निळं पाणी, दुसरीकडे चेरीच्या बागा, आणि आपल्या सपाट राज्यात क्वचित दिसणारे चढउतार. ऊन मी म्हणत होतं. गाडी मी सहाव्या गिअरमध्ये घातलेली. पुण्याचं वळण आहे, लवकर टॉप गिअर टाकावा, पेट्रोल वाचतं. एका चढावर पुढे मोठी मोटारहोम रेंगाळत होती. ओव्हरटेकची जागा आली. गिअर खाली न घेता मी तसाच पाय दाबला.

पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज आला.

"बाबा, पाय काढा!" ती ओरडली. "आत्ता! चौथ्यात घ्या. हळू."

आवाज थांबला. पुढे तळ्याकाठी गाड्या थांबवायची जागा होती, तिथं थांबलो. तिनं विचारलं, "टाकीत काय आहे?"

"८७," मी म्हणालो. "पुस्तिकेत चालतं असं लिहिलंय."

"पुस्तिकेतल्या गाडीला चालतं. ही असा आवाज करायला नको." बोलता बोलता घाम पुसायला रुमाल शोधावा म्हणून तिनं समोरचा कप्पा उघडला. त्यात वायर गुंडाळलेलं ते यंत्र. तिनं ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि मांडीवर ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "बाबा, हे माझं काम आहे. गेली दहा वर्षं मी रोज हेच करते. तुम्ही साडेपाचशे डॉलर देऊन एका अनोळखी माणसाकडून घेतलंत, पण मला एक फोन नाही केलात."

मला उत्तर सुचलं नाही. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. तिला विचारायचं म्हणजे २००९ साली मी चुकलो होतो हे कबूल करायचं. त्यापेक्षा अनोळखी माणूस सोपा.

तिथंच एका बाकावर बसून तिनं मला समजावलं. बहुधा मला नव्हे, स्वतःला शांत करायला. ऑक्टेनचा आकडा म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल आपणहून पेटायला किती विरोध करतं त्याचं ते माप. आपल्याकडच्या आकड्याची रीत वेगळी, इथलं ८७ म्हणजे तिकडचं साधारण ९१. कंपनीनं भरलेल्या आकड्यांत ८७ ची सोय असते. इंजिनाला कानासारखा एक सेन्सर बसवलेला असतो, त्यानं ठोके ऐकले की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद थोडी सोडून देतो. माझ्या ट्यूनमध्ये हवेचा दाब वाढवला होता आणि ठिणगी अलीकडे ओढली होती, ती ९३ ऑक्टेन गृहीत धरून. तसं सूचनापत्रात ठळक छापलेलंही होतं. पण ८७ आणि ९३ मध्ये गॅलनमागे ऐंशी-नव्वद सेंटांचा फरक! ३१० घोड्यांवर आणखी घोडे घेतले आणि चारा मात्र जुनाच घातला.

"हे साधं नॉकिंग होतं म्हणून वाचलात," ती म्हणाली. "कमी वेगात जास्त भार टाकला तर या टर्बो इंजिनांत ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. त्याचा एक दणका पिस्टन फोडायला पुरतो." त्यासाठीच २०१८ पासून ऑइलच्या डब्यावर 'एसएन प्लस' अशी नवी प्रत दिसू लागली, हेही मला तेव्हाच कळलं. बाकावरून उठून तिनं यंत्र जोडलं आणि मूळ आकडे परत भरले. परतीचा सगळा प्रवास मी पाचव्याच्या वर गेलो नाही.

घरी आल्यावर शनिवारी ती स्वतःची हत्यारं घेऊन आली. प्लग काढायला. ठोके जोराचे बसले असतील तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम बारीक कणांनी उडतं आणि प्लगच्या चिनीमातीवर चमकतं, ते बघायचं होतं. पहिला प्लग निघाला. ती भिंग शोधत होती. मी तो घेतला, गॅरेजच्या दारात जाऊन उन्हात धरला आणि म्हणालो, "बिस्किटाचा रंग आहे. ठिपका नाही. हा ठीक आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"नाना पेठेतल्या मिस्त्रीनं."

"कोण मिस्त्री?"

बत्तीस वर्षांच्या मुलीला मी तो मिस्त्री, ती फळी, ती येझदी कधीच सांगितली नव्हती. आमच्या घरात पुणं म्हणजे आजी, अथर्वशीर्ष आणि चितळ्यांची बाकरवडी. माझे काळे झालेले हात त्यात कुठे बसत नव्हते, म्हणून मी ते वगळले होते. चारही प्लग बघून होईपर्यंत मी बोलत होतो. चारही ठीक निघाले.

मग मी विचारलं, "तू दिवसभर करतेस काय, नीट सांग."

तीन तास सांगत होती. एका इंजिनात असे हजारो आकडे असतात आणि ते ठरवायला मोठा चमू दोन-तीन वर्षं खपतो. हिवाळ्यात गाड्या उत्तर मिनेसोटात नेतात, रात्रभर उणे तीसमध्ये उभ्या ठेवतात आणि पहाटे सुरू होतात का बघतात. विरळ हवेसाठी कोलोराडोचे डोंगर. आणि उन्हाळ्यात, भर जुलैत, डेथ व्हॅली. पारा पन्नासच्या घरात, एसी पूर्ण सोडलेला, मागे ट्रेलर बांधलेला, चढ.

"२०१६ ला तिथंच होते," ती म्हणाली. "तुमच्या साठीला. चाचणीचा आठवडा वर्षातून एकदाच मिळतो. सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत."

मी पाना पुसत राहिलो.

बाहेरच्या ट्यूनवाल्यांबद्दल ती वाईट बोलली नाही. त्यांच्यातले काहीजण फार हुशार आहेत म्हणाली. "पण तुम्हाला वाटतं कंपनीनं ताकद लपवून ठेवलीय. लपवलेली नाही. ती कुणासाठी तरी राखून ठेवलेली असते. वाईट पेट्रोल भरणाऱ्यासाठी, ऑइल बदलायला विसरणाऱ्यासाठी, दीड लाख मैल झाल्यावर तिसऱ्या मालकासाठी." शिवाय धुराचा प्रश्न. मिशिगनमध्ये गाडीची नियमित धूरतपासणी होत नाही म्हणून कायदा नाही असं नव्हे. प्रदूषण रोखणारी यंत्रणा निकामी करणारे फेरफार १९७० च्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली देशभर बेकायदा आहेत. नुसत्या आकड्यांनी काय होतं ते २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी जगाला दाखवलं. वॉरंटीचंही तसंच. १९७५ च्या कायद्यामुळे, गाडीत काही बदललं एवढ्यावरून कंपनी हात वर करू शकत नाही. पण बिघाड त्या बदलामुळे झाला असं दाखवता आलं तर मात्र करू शकते, आणि आकडे बदलल्याच्या खुणा डब्यात सापडू शकतात. फुटलेल्या पिस्टनसमोर माझी काय बाजू असती?

"पण बाबा," जाताना ती म्हणाली, "पिकअप हवाच असेल तर सरळ मार्गानं घ्या ना." फोर्डचंच स्वतःचं कॅलिब्रेशन मिळतं म्हणे. २०१५ ते २०१७ च्या या इंजिनाला ३१० चे ३३५ हॉर्सपॉवर होतात आणि टॉर्क ३२० चा ३९०. कॅलिफोर्नियाच्या हवामंडळाची मान्यता त्याला आहे. माझ्या यंत्राचा दावा याहून मोठा होता, पण तो कुठल्या हवेत, किती वेळ, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. २०२२ च्या वसंतात ते बसवून घेतलं. वर्कशॉपच्या वेटिंग रूममध्ये ती माझ्याबरोबर दीड तास तिथली कडू कॉफी पीत बसली. घरी येताना गाडी तिनं चालवली. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल सुटल्यावर तिनं दुसऱ्या गिअरमध्ये नेमका तेवढाच पाय दाबला आणि म्हणाली, "बरं केलंय काम. आमच्याइतकं नाही, पण बरं केलंय."

तेव्हापासून मी ९३ भरतो. पंपावर आकडा पळताना मान दुसरीकडे वळवतो. मोटारहोम दिसली की गिअर खाली घेतो. ते साडेपाचशेचं यंत्र कपाटात आहे. सौ. अजून त्याला बॅटरी चार्जरच म्हणते, पण आताशा हसून.

रविवारचा फोन अजून येतो. गेल्या जानेवारीत मिनेसोटाहून आला. मी नेहमीसारखं "जेवलीस का" विचारलं, आणि मग विचारलं, "पहाटे किती होतं?"

"उणे एकतीस."

"पहिल्या सेल्फला सुरू झाली?"

"तिसऱ्या," ती म्हणाली. "का ते शोधतोय. ऐकायचंय?"

म्हटलं, "सांग." आणि सौ.ला खुणेनं सांगितलं, जेवायला वेळ लागेल, पानं इतक्यात घेऊ नकोस.